हाय चेअरमधून घरच्या पंगतीत: पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी

दीड-पावणेदोन वर्षांचं मूल हाय चेअरमध्ये बसवताना पाठीची कमान करतं, पाय ट्रेखाली घालूच देत नाही, कसंबसं बसवलं तर बेल्टमधून खांदे सोडवून उभं राहायला बघतं. घरात त्याचं निदान ठरलेलं असतं: हल्ली जेवायला फार त्रास देतं. पण अशा बहुतेक मुलांना भूक असते. बाकीचे सगळे एकत्र बसलेत, आपण तेवढे वेगळ्या उंच खुर्चीत, आपल्यासमोर वेगळा ट्रे आणि त्यात वेगळं काहीतरी पांढरं-मऊ, हे त्यांच्या लक्षात यायला लागलेलं असतं. त्यांना आपल्यात यायचं असतं.

खुर्ची बदलायला एक दुपार पुरते. घरच्या मोठ्यांची जेवायची वेळ, सवयी आणि बोलणं बदलायला आठवडे लागतात, आणि हा बदल जमतो की फसतो ते त्यावरच ठरतं. म्हणून पुढे मापं आणि बेल्ट आहेत, पण जास्त जागा मोठ्यांनाच दिली आहे.

आधी बघा, वेळ झाली आहे का

वयाची काटेकोर रेघ नाही. बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. मूल कशाला न टेकता, एका बाजूला न कलंडता पंधरा मिनिटं ताठ बसतं का, हे बघा. पोळीचा तुकडा, बटाट्याची फोड स्वतःच्या हाताने तोंडात घालून चावतं का, हेही बघा. दोन्हींचं उत्तर हो असेल तर सुरुवात करायला हरकत नाही.

कधी कधी निवड उरतच नाही. हाय चेअरवरून मुलं पडतात ती मुख्यतः तिच्यात उभी राहताना किंवा चढता-उतरताना. बेल्ट सोडवता यायला लागला, उभं राहायची सवय लागली, तर ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबू नका. खुर्चीच्या खाली किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याच खुर्च्यांची ती १५ किलो असते. तीही वाचून घ्या.

घरात नवं बाळ आलंय, घर बदललंय, अंगावरचं दूध नुकतंच तोडलंय किंवा मूल तापातून उठलंय, अशा आठवड्यात हे काम काढू नका. एका वेळी एकच बदल पुरे.

खाली बसून जेवत असाल तर तुमचं निम्मं काम झालंय

ज्या घरांत अजून जमिनीवर पानं मांडतात, त्यांनी टेबलाची हौस मुलासाठी म्हणून करू नये, असं मला मनापासून वाटतं. जमिनीवरून मूल पडत नाही. आपल्या आणि त्याच्या डोळ्यांची पातळी जवळ येते. भरवायला, हात धरायला, तोंड पुसायला कुणालाही उठावं लागत नाही.

मांडी घालता येत असेल तर त्याला पाटावर बसवा. मोठ्या माणसाचं ताट जमिनीवर असतं तेव्हा हात सहज पोचतो; लहान मुलाला मात्र पोट दुमडून वाकावं लागतं आणि दोन घासांत कंटाळा येतो. त्याचं ताट दुसऱ्या पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर ठेवा. मांडी टिकत नसेल तर पाय पुढे पसरून बसू दे. काही मुलं गुडघे दुमडून, दोन्ही पावलं बाजूंना बाहेर टाकून पार्श्वभाग मध्ये टेकवून बसतात. ती बैठक रोज लांबत असेल तर हळूच पाय पुढे करून द्यावेत.

खाली बसण्यातल्या अडचणी दोन. पहिली, उठून पळणं फार सोपं. मागे भिंत आणि दोन्ही बाजूंना मोठं माणूस अशी जागा दिली की ते बरंच कमी होतं. दुसरी अडचण गंभीर आहे: आमटीचं पातेलं, रश्शाची कढई, कुकर हे सगळं मुलाच्या हाताशी जमिनीवर येतं. गरम भांडी मोठ्यांच्या पाठीमागे ठेवायची, मुलाच्या आणि आपल्या मध्ये कधीच नाही. वाढायला उठणारं माणूस मुलाच्या डोक्यावरून वाढणार नाही, हेही आधी बोलून ठेवा.

टेबल असेल तर मापाची पट्टी काढा

आपल्याकडच्या जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी असते आणि खुर्चीची बैठक ४५ सेंमीवर. या खुर्चीत दोन वर्षांचं मूल बसवलं तर टेबलाची कड त्याच्या हनुवटीला लागते. हात खांद्यापासून वर उचलून जेवावं लागतं आणि ताटातलं दिसतही नाही.

मुलाला बसवून त्याचे कोपर बघा. हात सैल सोडून कोपरात वाकवले की ते टेबलाच्या पातळीला किंवा जरासे वर यायला हवेत. त्यासाठी बैठक बहुतेक घरांत १२ ते १५ सेंमी उंचवावी लागते. उशा, जाड पुस्तकं, दुमडलेली गोधडी यांवर बसवू नका; मूल पुढे झुकलं की त्या सरकतात. बूस्टर सीट, म्हणजे मोठ्या खुर्चीवर बांधायची मुलाची उंच बैठक, घ्या, पण घेताना दोन पट्टे आहेत का ते बघा: एक खुर्चीच्या पाठीला बांधायचा, दुसरा बैठकीखालून. मुलाला कमरेभोवती धरणारा बेल्ट वेगळा. फक्त एका पट्ट्यावरचं बूस्टर मुलासकट पुढे येतं.

कोणत्या खुर्चीवर बांधता तेही महत्त्वाचं आहे. चार पायांची जड लाकडी खुर्ची उत्तम. घडीची, चाकांची, गोल फिरणारी नको. प्लास्टिकची एकसंध खुर्ची हलकी असते. मुलाने टेबलाला पाय लावून रेटा दिला की मागे उलटते. दुसरी सोयच नसेल तर तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी मोठं माणूस बसू दे.

आता पाय. या एका गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि तिचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो. तुम्ही स्वतः उंच ओट्यावर पाय लोंबकळत ठेवून बसा आणि भाकरी मोडून खाऊन बघा. अंग सावरण्यातच लक्ष जातं. लहान मुलाचं तेच होतं, आणि मग ते वळवळतं, एक पाय वर घेतं, गुडघ्यांवर उभं राहतं. आपण त्याला चंचल म्हणतो. तळपाय पूर्ण टेकले, गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात राहिली की तेच मूल जास्त वेळ बसतं, हातही स्थिर राहतो.

नॉर्वेचे डिझायनर पीटर ओप्सविक यांनी १९७२ साली ट्रिप ट्रॅप ही लाकडी खुर्ची केली ती याच अडचणीवरून. त्यांचा मुलगा बाळाच्या खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत पाय लोंबकळायला लागले. बैठक आणि पाय टेकायची फळी, दोन्ही खालीवर करता येतील अशी रचना त्यांनी केली. आपल्याला ती महागडी खुर्ची घ्यायची गरज नाही, त्यामागचा विचार घेतला तरी पुरे. मुलाच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंतचं माप घ्या. ते २० सेंमी असेल आणि बैठक जमिनीपासून ६० सेंमीवर गेली असेल, तर पाय टेकायला जागा ४० सेंमीवर हवी. तेवढ्या उंचीचं स्टूल खुर्चीच्या पायांना सुतळीने घट्ट बांधा. उंची थोडी कमी पडली तर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा चिकटपट्टीने आवळून त्यावर बांधा. घराजवळ सुतार असेल तर खुर्चीच्या पुढच्या पायांवर फळी ठोकून घेणं सगळ्यात बरं.

टेबलक्लॉथ काही महिने काढून ठेवा. एक ओढ आणि आमटी मांडीवर.

एका जेवणापासून सुरुवात

तिन्ही वेळा एकदम टेबलावर आणू नका. घरात ज्या जेवणाला सगळ्यांना घाई नसते ते निवडा. नोकरी करणाऱ्या घरांत ते बहुतेक शनिवार-रविवारचं दुपारचं जेवण असतं, काही घरांत सकाळचा नाश्ता. ते चार-पाच वेळा सुरळीत झालं की दुसरं जोडा. हाय चेअर तोवर कोपऱ्यात राहू द्या. मूल त्यात अजून शांत बसत असेल तर दमलेल्या संध्याकाळी ती कामाला येते.

खरी अडचण रात्रीची. मोठ्यांचं जेवण नऊ-साडेनऊला आणि मुलाची भूक सातला. नऊपर्यंत थांबवलेलं मूल भुकेने आणि झोपेने इतकं पिचलेलं असतं की ते कुठेच बसणार नाही, टेबलावरही नाही आणि हाय चेअरमध्येही नाही. इथे दोन मार्ग आहेत. जमत असेल तर आई, बाबा किंवा आजोबा, कुणीतरी एकाने सातला त्याच्यासोबत खरोखर जेवायचं. नुसतं शेजारी बसून ‘खा खा’ म्हणणं नाही, आपलंही पान वाढून घ्यायचं. नाहीतर मुलाचं पूर्ण जेवण सातला, मोठ्यांनी आपलं जेवण आठ-सव्वाआठवर आणायचं आणि तेव्हा त्याला आपल्यात जागा, समोर काकडीची मऊ फोड किंवा पोळीचा तुकडा. त्या बैठकीत पोट भरायचं नसतं, सोबत बसायचं असतं. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण मूल जेवायला शिकतं ते जेवणाऱ्या माणसाकडे बघून.

दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि मधे पाण्याशिवाय काही देऊ नका. बिस्किट, चुरमुरे, बाटलीभर दूध हे सगळं जेवणाच्या भुकेतूनच वजा होतं. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुष्कळ झालं. त्याहून बरंच जास्त पोटात जात असेल तर ‘जेवतच नाही’ या तक्रारीचं उत्तर अनेकदा तिथेच सापडतं, आणि लोह कमी पडण्याचा धोकाही वाढतो.

ताटात काय

घरात जे शिजलंय तेच, त्याला जमेल अशा रूपात. वरण शिजलं की तिखट-फोडणी घालण्याआधी त्याची वाटी काढून घ्या. भाजीला मसाला पडण्याआधी दोन चमचे बाजूला. गोडा मसाला, जिरं, हळद, हिंग यांची भीती बाळगू नका. तिखट तेवढं हळूहळू वाढवा. मीठ मात्र कमीच. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला २ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, म्हणजे चहाच्या चमच्याचा सुमारे तिसरा हिस्सा. पापड आणि लोणच्यात ते बघता बघता संपतं. दोन वर्षांखालच्या मुलांना साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ देऊच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही आहे.

वाढताना कमी वाढा. एक चमचा भात, एक चमचा वरण, पोळीचा चतकोराचाही अर्धा तुकडा, भाजीच्या दोन फोडी. भरलेलं ताट बघून मूल दडपतं. रिकामं झालेलं ताट पुढे करून ते आणखी मागतं. ताटात एक पदार्थ तरी ओळखीचा आणि आवडीचा ठेवा. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे काही मुलं तो तोंडात घालतात. भेंडी तिसऱ्यांदा नाकारली म्हणून ‘याला भेंडी आवडत नाही’ असं त्याच्यादेखत जाहीर करू नका. मुलं ते पाठ करतात.

भांडी घरचीच चालतील. उभ्या काठाची स्टीलची वाटी, कारण चमचा काठाला टेकवून भात वर घेता येतो. आखूड दांड्याचा, खोलगट चमचा. पाण्यासाठी छोटं फुलपात्र, दोन घोट पाणी घालून. चमचा मुठीत धरला तरी चालेल, बोटांची पकड पुढे येते. हाताने जेवणं तर उत्तमच. उजवा हात की डावा, हे या वयात पक्कं झालेलं नसतं. डाव्या हाताने घास घेतला म्हणून चमचा काढून उजव्यात देऊ नका.

घास अडकण्याचा धोका मात्र मोठ्यांच्या पंगतीत वाढतो, कारण मोठ्यांचे पदार्थ हाताशी येतात. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम नकोत, कूट करून द्या. चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप, साबुदाण्याच्या खिचडीतले अर्धवट कुटलेले दाणे, चिक्की, कच्च्या गाजराचे काप, मक्याच्या लाह्या, बोरं आणि जांभळं बियांसकट, हे सगळं त्याच्या हातापासून लांब. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. मासा देताना काटा बोटांनी चाचपून काढा, नुसतं बघून नव्हे. तोंडात घास असताना हसवू नका, पळू देऊ नका.

ठसका लागला आणि मूल जोरात खोकतंय, रडतंय, आवाज येतोय, तर त्याला खोकू द्या, शेजारी थांबा. आवाजच बंद झाला, खोकता किंवा रडता येईना, ओठ निळसर दिसायला लागले तर घास अडकलाय. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताच्या टाचेने ५ जोरकस थापा द्या. निघाला नाही तर मागे गुडघ्यावर बसून बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असा ५ वेळा झटका द्या. आलटून पालटून हेच करत राहा. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला फोन लावायचा. मूल शुद्ध हरपून सैल पडलं तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करायची असते. घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नका, तो आणखी खाली जातो. प्रथमोपचाराच्या वर्गात हे सगळं हाताने करून शिकून घ्या, आणि मुलाला सांभाळणाऱ्या ताईंना व आजी-आजोबांनाही शिकवा.

कोणी काय ठरवायचं

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर या अमेरिकन बाईंनी जेवणाच्या जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे आणि ती जगभर वापरली जाते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं, पाळायला आपल्या घरांत फार कठीण. आपल्याकडे भरवणं हे प्रेमच आहे. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत, गच्चीत फिरवत, कावळा दाखवत आजी भरवते त्यात माया आहे, आणि ती कमी लेखू नये. पण मूल टेबलावर आल्यावर वाटी घेऊन त्याच्यामागे हॉलभर फिरणं थांबवावं लागतं. दोन्ही एकत्र चालत नाहीत: फिरताना घास मिळतो हे माहीत असलेलं मूल बसेल कशाला?

आजीला हे सुनेने एकटीने सांगू नये. मुलाच्या बाबाने आपल्या आईशी शांतपणे बोलावं, आणि तिला दुसरं मानाचं काम द्यावं: ‘आई, तू त्याच्या शेजारी बस, तुझ्या पानातलं तो बघून खाईल.’ हे खोटं समजावणं नाही. आजीच्या पानातली मेथी मुलं खरोखर खातात.

त्यात एक आकडा घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं, म्हणजे ३ किलोचं बाळ ९ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्याच वेळी मूल टेबलावर येतं आणि दोष टेबलाला जातो.

मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवूच नये असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं सांगणं आहे. जेवणाच्या वेळी तर मोठ्या मुलांच्याही समोर नको. कार्टून बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. आणि हा नियम बाबांच्या फोनलाही लागू. फोनची सवय आधीच लागली असेल तर पहिले तीन-चार दिवस जेवण खूपच कमी होईल, रडारड होईल. तेवढे दिवस सगळ्यांनी मिळून काढायचे.

उठणं, फेकणं, सांडणं

पहिल्या आठवड्यात पाच-सात मिनिटं बसलं तरी ठीक. पुढे पंधरा-वीस मिनिटांवर येतं. अर्ध्या तासापलीकडे कोणतंही जेवण ओढू नका. उठलं तर एकदाच विचारा, ‘पोट भरलं?’ परत आणून बसवा. पुन्हा उठलं की जेवण संपलं. ताट उचला, रागावू नका, पुढच्या खाण्यापर्यंत काही देऊ नका. तो धीर ठेवणं पालकांना मुलापेक्षा जड जातं.

घास फेकायला लागलं तर बहुतेक वेळा पोट भरलेलं असतं. नको असलेलं ठेवायला एक रिकामी वाटी द्या आणि ‘नको ते इथे’ असं रोज सांगा. खाली जुनी चादर अंथरा, बाही वर करा, लाळेरं बांधा. पाणी सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. दोन वर्षांच्या मुलाला पुसायला फार आवडतं. जेवणाआधी हात धुणं, श्लोक म्हणत असाल तर श्लोक, सगळ्यांची पानं वाढली की सुरुवात, असा क्रम रोज तोच ठेवा. त्याला चमचे मांडायला सांगा.

आजारपणात, परगावी, लग्नाच्या गर्दीत हे सगळं बिघडेल. त्या दिवसांत मांडीवर घेऊन भरवा. घरी आल्यावर, बरं वाटल्यावर पुन्हा जागेवर.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

घास गिळताना वारंवार ठसका लागतो, दीड वर्ष उलटूनही फक्त पातळच खातं आणि गुठळी लागली की ओकतं, दोनच-तीन पदार्थांवर येऊन थांबलंय, आधाराशिवाय बसताच येत नाही, तर हा हट्ट समजू नका. वजनाचा आलेखही बघा. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डवर तो असतो. एखाद्या महिन्यात वजन थांबलं तर घाबरायचं कारण नाही, पण रेघ सलग आडवी चालली किंवा खाली वळली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना सलग तीन दिवसांचं टिपण न्या: किती वाजता काय खाल्लं, साधारण किती, दूध किती मिली, शौच कशी आणि किती वेळा. ‘काहीच खात नाही’ या वाक्यापेक्षा त्या टिपणावरून डॉक्टरांना लवकर कळतं.